पंचनाम्यातली भिंत

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइजचे फोटो, लग्नाचे अल्बम, थोडं झेरॉक्सचं काम आणि जुने फोटो दुरुस्त करणं. या शेवटच्या कामासाठी लोक लांबून येतात. वाळवीनं खाल्लेला, नाहीतर दमट हवेनं काचेलाच चिकटून बसलेला फोटो पिशवीतून काढतात आणि म्हणतात, "आज्याचा ह्यो एकच हाय, बघ काय जमतं का." बहुतेक वेळा जमतं. एका कानावरून दुसरा कान करता येतो, कोटाची बाही जुळवता येते. डोळा गेला असेल तर मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय मी हात लावत नाही.

याच हातामुळे मी एका कॉम्प्युटर गेमच्या कामात शिरलो.

कॉलेजला माणगावला होतो तेव्हा मित्राच्या खोलीवर आम्ही तो खेळायचो. तेव्हाही तो जुनाच होता. रविवारी दुपारी खिडकीला चादर लावायची आणि तिघांनी एका कॉम्प्युटरपुढे बसायचं. एका बेटावर बंद पडलेलं इस्पितळ, हरवलेल्या बहिणीला शोधत तिथे आलेली एक बाई, पिस्तुलात मोजक्या गोळ्या, आणि वॉर्डांमधून फिरणारं काहीतरी, जे पूर्ण कधीच दिसत नाही. त्या काळच्या गेममध्ये प्रत्येक खोली म्हणजे एक रंगवलेलं चित्र असायचं. कॅमेरा कोपऱ्यात ठोकून बसवलेला, आणि त्या चित्रावरून ती बाई चालायची. चित्रं इतकी लहान आणि धूसर, की कपाटामागे सावली आहे की कोणी उभं आहे हे कळायचं नाही. आम्ही तिघंही घाबरायचो आणि तसं कबूल करायचो नाही.

पुढे खूप वर्षांनी, स्टुडिओत गिऱ्हाईक नसताना, इंटरनेटवर मला एक गट सापडला. वेगवेगळ्या देशांतले सात-आठ जण त्या गेमची सगळी चित्रं मोठी आणि स्वच्छ करत होते. आजच्या मोठ्या पडद्यावर जुनी चित्रं नुसते चौकोन चौकोन दिसतात, म्हणून. गटाचा प्रमुख पोलंडमधला होता. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात हे. पैसे कोणालाच मिळत नव्हते. गेमच्या कंपनीनं परवानगी दिलेली नव्हती, थांबवलेलंही नव्हतं. मी माझ्या दोन-तीन दुरुस्त केलेल्या फोटोंचे नमुने पाठवले आणि त्यानं मला लगेच घेतलं.

काम कसं चालतं ते सांगतो. आधी चित्र मशीनला, म्हणजे एका एआय प्रोग्रॅमला, द्यायचं. मशीन ते मोठं करतं, पण जिथे त्याला कळत नाही तिथे मनचं भरतं. भिंतीवरच्या कागदाची फुलं अळ्यांसारखी होतात, दाराची मूठ लोण्यासारखी वितळते. मग आपण हातानं एकेक वस्तू परत काढायची. पलंगाचा कठडा वेगळा कापून ठेवायचा, म्हणजे ती बाई त्याच्या मागून गेली की झाकली जाईल. एका खोलीला मला पंधरा-वीस दिवस लागायचे. बायको म्हणायची, "एवढं लक्ष घरच्या भिंतींकडे दिलंत तर पोपडे तरी जातील." पण तिला ते आवडायचंही. चहा घेऊन यायची आणि मागे उभी राहून बघायची.

माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरची एका रुग्णाची खोली आली. या खोलीत पलंगाच्या मागच्या भिंतीवर तांबूस रंगाचा एक डाग आहे. जुन्या चित्रात तो तळहाताएवढा, नुसते मातकट ठिपके. तो नेमका काय आहे यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत आले होते. कोणी म्हणे रक्त, कोणी म्हणे ओल, कोणी म्हणे रुग्णानं लिहिलेलं काहीतरी. धूसर होता तोवर तो काहीही असू शकत होता. आता तो स्पष्ट करायचा तर कोणीतरी ठरवायला हवं होतं. मी प्रमुखाला विचारलं. त्याचं उत्तर आलं, "खोली तुझी आहे. तू ठरव."

मी ठरवलं की ते लिखाण आहे. आठ दिवस वेडंवाकडं लिहून बघितलं. पण मोठ्या माणसानं मुद्दाम वाईट काढलेलं अक्षर लगेच ओळखू येतं, त्यात खोटेपणा दिसतो. मला खरं अक्षर हवं होतं. जुन्या भिंतीवरचं, जोर देऊन लिहिलेलं, कुणीतरी फार कष्टानं काढलेलं. असं अक्षर माझ्याकडे आहे हे मला माहीत होतं. दोन दिवस मी तो विचार टाळला. तिसऱ्या दिवशी जुनी हार्ड डिस्क जोडली आणि 'पंचनामा' नावाचा फोल्डर उघडला.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला आमच्या किनाऱ्यावर वादळ आलं, तेव्हाचे ते फोटो. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, पत्रे उडून शेतात पडले होते, वीज तर कित्येक दिवस नव्हती. नुकसानीचा पंचनामा व्हायचा होता आणि लोकांना पुरावा म्हणून फोटो हवे होते. "ह्यो कोपरा बी घे, न्हाय तर साहेब मानायचा न्हाय," असं म्हणत लोक मला घराघरात नेत होते. बॅटरी संपेपर्यंत मी फोटो काढत होतो.

पाचव्या दिवशी मी आमच्या गुरुजींच्या घरी गेलो. खालच्या बौद्धवाडीत त्यांचं घर. चौथीपर्यंत त्यांनी मला शिकवलं होतं. वादळात आंब्याची फांदी छपरावर आली, वासा खाली आला, आणि चुलीपाशी असलेल्या त्यांच्या पत्नी जागीच गेल्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. मी गेलो तेव्हा गुरुजी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. कौलं, माती, भांडी तशीच पडलेली. मी एकेक खोलीचा फोटो काढत गेलो आणि मधल्या दाराच्या मागे थांबलो. तिथे निळसर चुन्याच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेल्या ओळी होत्या.

"तो पण घे," गुरुजी मागून म्हणाले. "त्याचा पंचनामा नाही करायचा. असाच घे."

मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्या तेव्हा बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. दोन मुलं झाल्यावर, तिशीला आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच म्हटलं, मला शिकवा. लोकांसमोर पाटी घेऊन बसायची लाज वाटत होती म्हणून दारामागची भिंत निवडली. काडीला कापूस गुंडाळून गेरूत बुडवायचा आणि लिहायचं. दरवर्षी घराला रंग देताना तेवढा तुकडा सोडायचे. हे सगळं गुरुजींनी मला उभं करून सांगितलं होतं. त्यामुळे ती भिंत काय आहे ते मला माहीत नव्हतं, असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तो फोटो मी उघडला. मला हवं होतं तेच होतं. ओळी खाली खाली घसरत गेलेल्या, काही अक्षरं फार मोठी, काही दाबून दाबून गिरवलेली, गेरूचे ओघळ खाली आलेले. मी त्या ओळी कापून घेतल्या आणि आरशात दिसतात तशा उलट्या केल्या, म्हणजे कोणती भाषा आहे ते कळू नये. वर अंधार चढवला. गेरू आपोआप रक्तासारखा दिसायला लागला. स्वतःलाच समजावलं की घर तर पाडून झालंय, तिथे नवं स्लॅबचं घर उभं आहे, आणि हा गेम आपल्याकडे खेळतंय कोण.

गटात सगळे वेडे झाले. प्रमुखानं लिहिलं की अख्ख्या कामातली ही सर्वांत चांगली खोली आहे. जाहिरातीच्या छोट्या व्हिडिओत तिला शेवटी घेतलं. कोणी म्हणालं तो मंत्र आहे, कोणी म्हणालं रुग्णानं दिवस मोजलेत. मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आज्याचे कान जोडत बसलेल्या माणसाचं पहिल्यांदा इतक्या लोकांनी कौतुक केलं होतं. त्याच आनंदात मी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला दोन चित्रं लावली. वर जुनी खोली, खाली माझी.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींची मुलगी स्टुडिओत आली. ती माझ्याच वर्गातली. तळा गावात सरकारी नोकरी करते, तिथेच राहते. बाहेरच्या बाकावर एक जोडपं फोटोसाठी थांबलं होतं. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

"एक गेम आहे. जुना. मी त्याची चित्रं रंगवतो."

"आणि ही भिंत?"

"ती पण मीच काढलीय."

इतकं सहज खोटं मी बोललो की माझं मलाच नवल वाटलं. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि एका अक्षरावर नख ठेवलं.

"हा ळ कुणाचा?"

मी मोबाइलवर वाकलो.

"आईचा ळ चष्म्यासारखा होता. आम्ही भावंडं हसायचो तिला. तू सगळं उलटं केलंस, पण ळ उलटा केला तरी ळच राहतो." तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्या घरात लिहायला शिकलेली ती पहिली बाई. तू तिला वेडी करून ठेवलंस. रक्तानं भिंती रंगवणारी वेडी."

"तसं माझ्या मनात नव्हतं."

"मग काय होतं?"

मी टेबलावरचे फोटो आवरायला लागलो. ती म्हणाली, "बाबांनी अजून बघितलेलं नाही. त्याच्या आधी काढ," आणि निघून गेली. बाकावरच्या जोडप्यातल्या माणसानं हळूच विचारलं, "आम्ही मागाहून येऊ का?"

मी स्टेटस काढलं आणि प्रमुखाला सगळं लिहिलं. त्याचं उत्तर यायला दिवस लागला. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. येत्या रविवारी गेम लोकांना खुला करायचा होता, सगळ्या फाइली बांधून झाल्या होत्या. "ही भिंत कुणाची तरी आहे हे तू आधी का सांगितलं नाहीस?" त्यानं विचारलं. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की आमच्या गावातल्या एका जुन्या भिंतीचा फोटो वापरलाय. तो म्हणाला, आता थांबवता येणार नाही, पुढच्या आवृत्तीत बदलू. मी आणखी जोर लावायला हवा होता. लावला नाही. माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं की निदान एकदा तरी लोकांनी ती खोली बघावी. हे मी तेव्हा बायकोलाही सांगितलं नाही.

तिला बाकीचं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं. "गुरुजींना आधी विचारलं असतंत तर ते काय म्हणाले असते?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणूनच विचारलं नाहीत ना?"

रविवारी गेम खुला झाला. मंगळवारी सकाळी गुरुजींचा फोन आला. मुलीनंच सांगितलं असावं, किंवा तिचं काहीतरी बिनसलंय हे ओळखून त्यांनी काढून घेतलं असावं. ते एवढंच म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर घेऊन ये. मला बघायचंय."

नव्या घरात सगळ्या भिंती पांढऱ्या. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाईंचा हार घातलेला फोटो. तो मीच मोठा करून दिला होता, साडीचा काठ नीट करून. मी टेबलावर लॅपटॉप ठेवला, गेम सुरू केला आणि गेममधल्या त्या बाईला जिना चढवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. गुरुजींनी चष्मा पुसला.

"ही कोण?"

"हिची बहीण हरवलीय. तिला शोधतेय."

"एकटीच?"

"हो."

मी दार उघडलं. खोली आली. तिच्या बुटांचे आवाज, लांबून टपटपणारं पाणी. गुरुजी पुढे वाकले. ते रागावतील, रडतील, मला घराबाहेर काढतील, असं सगळं मी वाटेत येताना मनाशी बघितलं होतं. त्यांनी एकेक ओळीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "उलटं आहे."

"हो."

"सुलटं कर."

गेममध्ये ते करता येत नव्हतं. मी गेम बंद केला आणि मूळ फोटो उघडला. ते वरपासून वाचायला लागले. बोट पडद्याला न लावता, शाळेत फळ्यावर फिरवायचे तसं. "सकाळ झाली. बाळ उठला. नारळ पडला." पुन्हा खालची ओळ, तेच. पुन्हा तेच. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथे बाळला काना देऊन ठेवलाय तिनं. मी सांगितलं, तर म्हणाली, असू दे, बाळाला हाक मारलीय." आणि हसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी मला पुन्हा गेममधलं चित्र दाखवायला सांगितलं. मी दोन्ही शेजारी शेजारी लावली. ते मोजू लागले.

"यात एक ओळ कमी आहे."

मला वाटलं होतं, हे कुणाच्याच लक्षात येणार नाही.

"वरची ओळ," ते म्हणाले. "ती माझी. कित्त्याची. मी लिहायचो आणि ती खाली गिरवायची. ती कुठे गेली?"

"काढली."

"का?"

"फार नीट होती, गुरुजी." मी म्हणालो. "ती ठेवली की कोणीतरी शिकतंय असं दिसत होतं. भीती वाटत नव्हती."

बाहेर कोणीतरी सुपाऱ्या सोलत होतं, त्याचा एकसारखा आवाज येत होता. जरा वेळानं ते उठले, आत जाऊन पाणी पिऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ते काढून टाक."

"हो, गुरुजी. काढायला सांगितलंय."

महिन्याभरात नवी आवृत्ती आली. माझ्या सांगण्यावरून त्यात ती भिंत नुसती ओलीची केली होती. मी गट सोडला. प्रमुखानं काम करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढायचं का विचारलं, मी हो म्हणालो. पण खेळणाऱ्या लोकांना ओलीची भिंत आवडली नाही. त्यांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी लावून व्हिडिओ केले. पुढे कोणीतरी एक छोटी फाइल बनवून ठेवली. ती टाकली की जुनं लिखाण परत येतं. मी त्याला लिहिलं, हे एका बाईचं अक्षर आहे, तिच्या घरच्यांना हे नको आहे. त्याचं उत्तर सभ्य होतं. त्यानं लिहिलं की त्याला वाईट वाटतं, पण आता ते गेमचा भाग झालंय, आणि त्यानं नाही ठेवलं तरी दुसरं कोणी ठेवीलच.

दिवाळीच्या आधी गुरुजींची मुलगी पुन्हा आली. या वेळी पेन ड्राइव्ह घेऊन. मूळ फोटो तिला हवा होता. मी दिला. मग ती म्हणाली, "आता तुझ्याकडचा पूस." मी तिच्यासमोर पुसला. फोल्डरमधून, कचऱ्याच्या डब्यातून, दुसऱ्या डिस्कवरूनही. ती खुर्चीवर बसून बघत होती. झाल्यावर उठली आणि म्हणाली, "बाबा तुझी चौकशी करतात. मी नाही करणार." तेव्हापासून ती बाजारात दिसली तर रस्ता ओलांडते.

त्या छोट्या फाइलीचं मी तिला सांगितलं नाही. गुरुजींनाही नाही. एकदा एसटी स्टँडवर ते भेटले. हरिहरेश्वरच्या गाडीला पाहुण्यांना बसवायला आले होते. त्यांनी विचारलं, "काढलंस ना?" आणि मी म्हणालो, "हो." मी काढलं होतं हे खरंच होतं. पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी मी वाडीत गेलो. गुरुजी ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अजून आहे, लोक ते परत आणतात, मला थांबवता येत नाही, स्टँडवर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"कुठले लोक आहेत हे?"

"सगळीकडचे. अमेरिका, ब्राझील, कुठले कुठले."

"त्यांच्यात कुणाला मराठी येतं?"

"नसेल येत."

"मग त्यांच्यावर काय रागवायचं?" ते म्हणाले. "त्यांना ते वाचता येत नव्हतं. तुला येत होतं."

मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळानं ते आत गेले आणि दोन कप कोरा चहा घेऊन आले. दूध नासलं होतं म्हणाले. मी ओटीच्या कडेला बसून तो प्यायलो, कप विसळून मोरीत ठेवला आणि निघालो.